‘हाव’च्या पुढचं ‘पण’

संपादकांचं पत्र आलं, ‘आपल्या नोकरीतले थरारक प्रसंग दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा.’ पत्र चुकून माझ्याकडे आलं असावं. आमच्या गल्लीत माझ्याच आडनावाचे एक निवृत्त फौजदार राहतात. मी पंचायत समितीत सभा लिपिक होतो, आणि सभा लिपिकाच्या नोकरीतला थरार म्हणजे फार तर दौत कलंडणे. पण मागितलंच आहे तर लिहितो. फौजदार काय, पुढच्या वर्षी लिहितील.

सभेला तीन गोष्टी लागतात. सतरंजी, चहा आणि प्रोसिडिंग. पहिल्या दोन शिपाई बघायचा, तिसरी मी. प्रोसिडिंग म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं, ते लिहायची वही. बाहेरच्या माणसाला वाटतं, आधी सभा होते आणि मग लिपिक ती लिहितो. आमच्याकडे आधी मी लिहायचो आणि मग सभा व्हायची. यात लबाडी नव्हती, अनुभव होता. ग्रामसेवकांच्या मासिक सभेत दर महिन्याला तेच विषय असत: खताचे खड्डे, शोषखड्डे, देवीची लस, बियाणं. साहेब बोलत, ग्रामसेवक माना हलवत आणि मागच्या रांगेत दोघे-तिघे झोपत. आदल्या दिवशी मागच्या महिन्याचं पान समोर ठेवायचं, तारीख बदलायची आणि खाली ‘सखोल चर्चा होऊन एकमताने मंजूर’ असं लिहून टाकायचं. जितके लोक झोपलेले, तितकी चर्चा सखोल.

शिवाय माझं अक्षर. मोत्यासारखं म्हणणार नाही, कारण मोती मी पाहिलेले नाहीत, पण माझ्या वहीत एक खाडाखोड सापडायची नाही. प्रोसिडिंगात एक शब्द खोडला तरी शेजारी अध्यक्षांची छोटी सही लागते, आणि तसं पान लिपिकाला कमीपणा आणतं. दुसऱ्या तालुक्यांचे लिपिक माझी वही बघायला यायचे. या अक्षराच्या अभिमानापायीच पुढचं सगळं घडलं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पंचायत समित्या त्याहूनही नव्या होत्या. कचेरीच्या भिंतीला टेकलं तर सदऱ्याला चुना लागायचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याचं नाव लिहीत नाही. या हकिकतीतले काही लोक अजून हयात आहेत आणि त्यांच्या हातात काठ्या आहेत. अशा दिवसांत आमच्याकडे नवे बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, आले. पुण्याकडचे. मलकापूरला गाडीतून उतरून एस.टी.ने घाट चढून आले ते एक वळकटी आणि पुस्तकांची पेटी घेऊन. आडनाव लेले.

आता हे आडनाव पुण्यात कितीही शोभत असलं तरी वऱ्हाडात अडचणीचं आहे. आमच्याकडे ‘मला’चं ‘मले’ होतं आणि ‘रामाला’चं ‘रामाले’. तेव्हा लेल्यांना निरोप द्यायचा तर काय म्हणणार? शिपायाने पहिल्याच दिवशी व्हरांड्यातून ओरडून विचारलं, “बाबूसाहेब, हे फाईल लेलेले देऊ का?” साहेब आत बसून ऐकत होते. त्यांना वाटलं, माणूस तोतरा आहे. त्यांनी बाहेर येऊन त्याची आस्थेने चौकशी केली.

दुसरी गंमत पहिल्या सभेत झाली. साहेबांनी तासभर भाषण केलं आणि विचारलं, “सगळ्यांना पटलं?” तीस ग्रामसेवक एका सुरात म्हणाले, “हाव.” साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “कसली हाव?” मी सांगितलं, साहेब, आमच्याकडे हाव म्हणजे होय. साहेब फार खूश झाले. खिशातून डायरी काढून त्यांनी लिहून घेतलं, हाव म्हणजे होय. मी अर्थ अर्धाच सांगितला होता, पण तेव्हा तो पुरेसा वाटला.

लेले साहेबांची पुस्तकं सभा कशी घ्यावी याबद्दलची होती. त्यांचं म्हणणं असं की, गावाची खरी माहिती ग्रामसेवकाच्या डोक्यात असते आणि साहेबाने बोलत राहणं म्हणजे स्वतःचंच कीर्तन स्वतः ऐकणं. माणसं बोलती झाली पाहिजेत. विचार वाईट नव्हता. नंतर मी सतरा साहेब पाहिले, पण असा विचार पुन्हा कोणाला सुचला नाही.

त्यांनी आधी खुर्च्या गोलात मांडल्या. गोलात मागची रांग नसते, म्हणजे झोपायला जागा नसते. पण आमचे लोकही पोचलेले. प्रत्येक जण खुर्ची वीतभर मागे सरकवत गेला आणि अर्ध्या तासात गोलाच्या दोन रांगा झाल्या. मग साहेबांनी खुर्च्या काढून सतरंजीवर बसवलं. लोक पंगतीला बसावं तसे मांड्या घालून बसले आणि चहा लवकर आला नाही म्हणून नाराज झाले. मग चिठ्ठ्यांची पेटी आली. नाव न घालता सूचना लिहा, कोणी विचारणार नाही. पेटी उघडली तेव्हा एका चिठ्ठीत लिहिलं होतं की, माझी बदली शेगावकडे करावी म्हणजे दर गुरुवारी दर्शन होईल. दुसरीत लिहिलं होतं, सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावी. बाकीच्या कोऱ्या होत्या, पण घड्या फार नीट घातलेल्या होत्या.

साहेब हटले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की, हेच लोक सभेआधी कचेरीमागे सायकली लावतात तिथे तास तास बोलतात. कोणतं बियाणं उगवलं नाही, कोणता सरपंच कोणाचं ऐकतो, खरी सभा सगळी तिथेच होते. एकदा साहेब तिथे जाऊन उभे राहिले. लगेच तीस जण आपापल्या सायकलीचं चाक तपासू लागले. साहेबांनीही एक सायकल उलटी केली आणि चेन बसवायला लागले. हात कोपरापर्यंत काळे झाले, चेन काही बसली नाही. शेवटी त्यांच्या हातून सायकल काढून घेणारा ग्रामसेवक म्हणजे इंगळे. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या साहेब, तुमच्यानं होत नाई. आना इकडं.” साहेबांशी कोणी आपणहून बोललं, ते हे पहिलं वाक्य.

हा इंगळे पंचविशीतला, लाजाळू, कामाला वाघ. नोकरीत अजून कायम झाला नव्हता. कायम न झालेल्या माणसाला काढायला चौकशीसुद्धा फारशी लागत नाही, एक वाईट शेरा पुरतो. घरी म्हातारे आईबाप, बायको, दोन लहान मुली आणि गावात सगळ्यांच्या तोंडात एकच नाव, इंगळे भाऊसाहेब. त्याचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजाराला जाणारं, लहानसं. उन्हाळ्यात बाया नदीत झिरे उकरून वाटी वाटीने पाणी भरायच्या. त्या वर्षी त्या गावाला सरकारी विहीर मंजूर झाली.

जागा ओव्हरसियरने ठरवली होती, शाळेच्या मागे. कारण तिथपर्यंत जीप जात होती. सभेत फक्त ग्रामसेवकाचा होकार नोंदवायचा होता.

तोवर साहेबांनी आणखी एक युक्ती काढली होती. प्रत्येकाने बोलायचं, पण एक मिनिट. वेळ संपली की घंटी. टेबलावरची, शिपायाला बोलवायची पितळी घंटी त्यांनी माझ्या हाती दिली. खरं सांगतो, एवढा अधिकार मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. जे ग्रामसेवक मला एरवी ‘काऊन बे बाबू’ म्हणायचे, ते घंटीकडे बघून बोलू लागले. आणि युक्ती थोडीफार चाललीही. एक मिनिटच आहे म्हटल्यावर मुके लोकसुद्धा दोन वाक्यं बोलायला लागले.

इंगळेची पाळी आली. साहेबांनी विचारलं, “इंगळे, शाळेमागची जागा ठीक आहे?”

इंगळे उभा राहिला. “हाव साहेब,” म्हणाला. “पण...”

मी घंटी मारली.

त्याचं मिनिट झालं नव्हतं. निम्मंही झालं नव्हतं. पण माझ्या पुढ्यातल्या पानावर आदल्या दिवशीच लिहिलेलं होतं, ‘श्री. इंगळे, ग्रामसेवक यांनी जागेस संमती दर्शविली.’ ओळ फार सुंदर उतरली होती. हा ‘पण’ पुढे गेला असता तर ती खोडावी लागली असती. साहेब डायरीत बघत होते, हाव म्हणजे होय. “छान,” ते म्हणाले, “पुढे.” इंगळे खाली बसला.

आता राहिलेला अर्धा अर्थ सांगतो. आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे होय हे खरं, पण ‘तुमचं आयकून राह्यलो’ असाही त्याचा अर्थ होतो. वडीलधारं माणूस बोललं की आधी हाव म्हणायचं. ती रीत आहे. खरं उत्तर त्याच्या मागून ‘पण’ला धरून येतं. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला तर कळत होतंच.

सभा सुटल्यावर इंगळे माझ्या टेबलाशी आला. “बाबूसाहेब, तठी अगोदरच एक इहीर खंदेल हाय. गावातली एक बुढी सांगते, तिच्या सासऱ्यायनं खंदली, कोरडी निंघाली, मंग बुजवून टाकली. साहेबाले सांगाचं होतं.” साहेब दौऱ्यावर निघून गेले होते. मी म्हणालो, “ठराव झाला. आता ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही.” कायम न झालेला माणूस. सही झालेल्या ठरावावर साहेबाकडे जाणं म्हणजे साहेबाची चूक काढणं. तो सायकल घेऊन निघून गेला.

शाळेमागे विहीर खणायला घेतली. माती फार मऊ लागली, ओव्हरसियर खूश. मग दगडगोटे निघाले, फुटकी खापरं निघाली, एका जुन्या मोटेच्या चाकाचा तुकडा निघाला आणि त्याखाली काळा पत्थर. आम्ही बुजवलेली कोरडी विहीर सरकारी खर्चाने पुन्हा कोरडी करून दिली होती. पैसा पाण्यात गेला म्हणायचीही सोय नव्हती, कारण पाणीच नव्हतं. तालुकाभर हसं झालं. त्या गावच्या बाया मात्र हसल्या नाहीत. त्या घागरी घेऊन पुन्हा नदीत गेल्या.

चौकशी लागली. जिल्ह्याहून अधिकारी आले, ते साताऱ्याकडचे. वही उघडल्याबरोबर त्यांना इंगळेची संमती सापडली. गावची माहिती असलेल्या ग्रामसेवकाने कोरड्या विहिरीच्या जागेला संमती दिली, म्हणजे एक तर तो बेफिकीर किंवा लबाड. दोन्हीपैकी काहीही लिहिलं तरी इंगळे घरी बसला असता.

“जागा ठीक आहे का विचारल्यावर तुम्ही हाव म्हणालात?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हाव साहेब.”

“म्हणजे संमती दिली.”

“नाई साहेब.”

“मग हाव का म्हणालात?”

“साहेब इचारून राह्यले होते नं. पण...”

“विचारलं तेवढंच सांगा.”

 इंगळेने माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनीही पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही इथलेच ना? ह्या हावचा अर्थ काय?”

मग मी सांगितलं. रंगवून सांगितलं. “साहेब, आमच्याकडे बुवा कीर्तनात संसार सोडा म्हणतात तेव्हाही लोक हाव म्हणतात. सोडत कोणी नाही. हाव म्हणजे आपलं ऐकतोय.” अधिकारी पोट धरून हसले. सगळी कचेरी हसली. लेले साहेब कोपऱ्यात बसले होते, तेही कसनुसे हसले. घंटीबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ओळ कधी लिहिली होती तेही सांगितलं नाही. विचारलं तेवढंच सांगितलं.

निकाल लागला. इंगळेला नुसती समज देऊन सोडलं. ‘सभाध्यक्षांचा स्थानिक बोलीशी परिचय अपुरा असल्याने गैरसमज झाला’ असं ठरलं आणि लेले साहेबांची बदली झाली, कुठल्याशा कोपऱ्यातल्या कागदी जागेवर. तिथे सभाच होत नसत. आणि माझ्या सेवापुस्तकात शेरा आला, ‘लिपिकाने भाषेबाबत मोलाचे साहाय्य केले.’

इंगळे सीताफळांची टोपली घेऊन घरी आला. माझ्या बायकोसमोर पाया पडला. म्हणाला, “वाचोलं तुमी.” मग जरा थांबून, “बाबूसाहेब, पण मी बोलून राह्यलो होतो नं. तुमी घंटी वाजोली. साहेबाचा यात काय कसूर? त्यायले सांगू का?” मी म्हणालो, “तू वाचलास ना? मग गप राहा.” त्यावर तो “हाव” म्हणाला. सीताफळं गोड होती, पण मला खाववली नाहीत.

निरोपाची सभा ठेवली. हार आला, नारळ आला, बाहेर जीप उभी. मी प्रोसिडिंग आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, ‘निरोप समारंभ खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला.’ साहेबांनी खुर्च्या शेवटच्या एकदा गोलात लावायला सांगितल्या. घंटी माझ्यासमोरून उचलून त्यांनी कपाटात ठेवली. “आज मिनिट मोजायचं नाही,” म्हणाले. “कोणाला काही बोलायचं असेल तर बोला. नसेल तर चहा घेऊ.”

 शिपाई चहा आणायला वळला तेवढ्यात इंगळे उभा राहिला.

“साहेब, म्या हाव म्हटलं, ते खरं हाय. पण म्या पुढं बोलून राह्यलो होतो. तठी बुजवलेली इहीर हाय हे मले मालूम होतं. घंटी वाजली.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या हातात काहीच नव्हतं. वही होती, ती मी मिटली. साहेबांनी मला काही विचारलं नाही. इंगळेलाच विचारलं, “मग पाणी कुठे आहे?”

इंगळे म्हणाला, “नाल्याकडच्या उंबरापाशी. बुढी तेच म्हणते. पण तठी जीप जात नाई.”

“जीपला पाणी प्यायचंय की गावाला?” साहेब म्हणाले, आणि लोक हसले. त्यानंतर काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक जण उठला, म्हणाला, साहेब, मीही हाव म्हटलं होतं, पण आमच्या शाळेची खोली जिथं आखली तिथं पावसाळ्यात गुडघाभर पाणी ऱ्हाते. दुसरा उठला, त्याच्या गावात बियाणं वाटायचं ठरलं होतं, पण ते येईतोवर पेरणी उरकलेली असते. प्रत्येकाकडे एकेक ‘पण’ साठून राहिलेला होता, दोन-दोन वर्षांचा. साहेब एकेकाला विचारायचे, “पण काय?” आणि थांबायचे. नुसते थांबायचे. त्यांच्या पुस्तकांत हे असेल-नसेल, मला माहीत नाही. बाहेर जीपवाल्याने दोनदा भोंगा वाजवला, हार टेबलावर सुकला, चहावर साय धरली. भाषणं झालीच नाहीत.

शेवटी साहेब माझ्याकडे वळले. “लिहिलंत?”

मी आदल्या दिवशीचं पान उघडलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. खाली सगळं लिहिलं. ‘श्री. इंगळे यांनी हाव, पण, असे म्हटले असता लिपिकाने घंटी वाजवून त्यांना थांबविले.’ हेही लिहिलं. ‘सदर संमती सभेपूर्वी लिहिलेली होती’, हेसुद्धा. भराभर लिहिल्याने अक्षर वाईट आलं. साहेबांनी पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. यापूर्वी ते न वाचता सही करायचे. मी मनात जे म्हणालो, ते त्यांनी तोंडाने म्हटलं. “वाचत असतो तर मलाही कळलं असतं.” सही केली, वळकटी उचलली आणि निघाले. हार घालायचा राहूनच गेला.

पुढे उंबरापाशी विहीर झाली आणि तिला पाणी लागलं. शाळेची खोली उंचवट्यावर गेली. इंगळे कायम झाला.

नियम असा की, प्रोसिडिंगाची नक्कल जिल्ह्याला पाठवायची. ते काम माझंच. नकलेतलं अक्षरही तसंच वाईट आलं. आठ दिवस ती नक्कल मी टेबलाच्या खणात ठेवली. पाठवली तर नोकरी जाईल, आणि नाही पाठवली तर साहेबांची बदली तशीच राहील. नवव्या दिवशी पाठवली. एवढं धाडस मी केलं, हे मी स्वतःला अजून सांगत असतो. त्यानंतर कचेरीसमोर कुठलीही जीप थांबली की मी खिडकीतून वाकून बघायचो. बायकोला म्हणालो, आपण गावी शेतीवर राहायला गेलो तर कसं? ती म्हणाली, आपल्याले शेती कुठी हाय?

तीन महिन्यांनी नक्कल परत आली. समासात कोणीतरी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पाहिले. दप्तरी दाखल करावे. अक्षर सुधारावे.’

वर कोणी वाचलंच नव्हतं. साहेब होते तिथेच राहिले, वर्षानुवर्षं. मी मात्र वाचलो. त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले. बायकोने विचारलं, कायचे? मी सांगितलं, वरून माझ्या अक्षराबद्दल शेरा आलाय. तिला वाटलं, कौतुक झालं असेल. तिने शेजारीपाजारी पेढे वाटले आणि मी ते वाटू दिले.